गवताळ वाढीच्या जंतूची कुंडली
(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



लागणीचा ऊस तुटून खोडवा फुटला, की दीड-दोन महिन्यांनी काही शेतांत एक चमत्कारिक दृश्य दिसते. एका बेटात जिथे मोजके जोमदार फुटवे असायचे, तिथे चाळीस-पन्नास बारीक काड्या उभ्या असतात. पाने अरुंद, मऊ, फिक्कट पिवळी. कुठे कुठे तर दुधासारखी पांढरी. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, सरीत ऊस नसून गवताचा ठोंबच उगवला आहे. नवखा शेतकरी सुरुवातीला खूशही होतो, कारण फुटवे भरपूर! पण ते फुटवे कांडीवर येत नाहीत. तोडणीच्या वेळी मुकादम त्या बेटाकडे पाहतसुद्धा नाही. पाणी त्याने प्यायले, खत त्याने खाल्ले, आणि वजनकाट्यावर मात्र शून्य.

याला आपण गवताळ वाढ म्हणतो. रोग आपल्याला नवा नाही. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील बेलापूर भागात तो १९४९ साली नजरेस आला आणि पुढे देशभरच्या ऊस पट्ट्यात त्याची नोंद झाली. आपल्या निलंगा तालुक्यातही तो आहे. पाहणीला गेलो असता कासार शिरसीच्या बाजूच्या एका वयस्क सभासदाने मला अडवले. म्हणाले, "साहेब, बुरशीचं औषध मारलं, किडीचं मारलं, दुकानदारानं दिल्यालं टॉनिक बी मारलं. थकलाव आता. ह्याला नेमकं औषध कोणतं ते एकदा सांगून टाका." मी म्हणालो, "आप्पा, ह्याला फवारायचं औषध नाही." त्यावर त्यांचा सवाल, "माणसाच्या मोठमोठ्या रोगाला औषधं निघाली, अन् उसाच्या गवताला कामून नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बांधावर उभे राहून दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही. त्यातच गेल्या काही वर्षांत आपल्या पुण्यातील शास्त्रज्ञांनी या रोगाच्या जंतूची सबंध कुंडलीच वाचून काढली आहे. ती कशी वाचली, तिच्यात काय निघाले आणि आपल्या बेण्याशी तिचा संबंध काय, हे जरा सविस्तर सांगतो.

आधी रोगी कोण आणि चोर कोण ते पाहू. गवताळ वाढ ना बुरशीने होते, ना किडीच्या खाण्याने. बराच काळ जगभरातले शास्त्रज्ञ अशा पिवळ्या-झुडपी रोगांना विषाणूजन्य समजत होते. १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या रोगट झाडाचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तेथील शास्त्रज्ञांना विषाणू नव्हे, तर अतिशय लहान, कोशभित्तिका नसलेले जीवाणू दिसले. त्यांनाच आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. उसातला आपला चोरही याच कुळातला. तो राहतो पानाने तयार केलेली साखर वाहून नेणाऱ्या नळ्यांत. म्हणजे आपण साखर कारखाना काढला गावाबाहेर, यांनी काढला थेट उसाच्या पोटात!

आता औषधाचे पाहा. बुरशीनाशक बुरशीवर चालते. हा बुरशी नव्हेच. पेनिसिलीनच्या जातीची प्रतिजैविके जीवाणूची भित्तिका बांधू देत नाहीत. याला भित्तिकाच नाही. टेट्रासायक्लीनने लक्षणे दबतात हेही १९६७ मध्येच दिसून आले होते, पण औषध थांबले की रोग पुन्हा डोके वर काढतो. एकरभर उसाच्या आतल्या नळ्यांत असले औषध महिनोन्महिने पोचवत राहणे खर्चाला परवडणारे नाही आणि माणसाच्या दवाखान्यातली औषधे शेतात ओतणे शहाणपणाचेही नाही. कोणी दुकानदार बाटली पुढे करीत असेल तर त्याला आधी विचारा, "बाबा रे, हे नळीच्या आत जातं का?"

जंतू वाढवता येत नाही, मग ओळखायचा कसा?

जंतूंचा अभ्यास करण्याची जुनी रीत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. आपल्या जीवाणू खताच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत खाद्य घालतात, त्यावर जंतू वाढवतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याची पारख करतात. पण मातीतले बहुसंख्य जीवाणू या बशीत वाढतच नाहीत. बशीत दिसतात ते फक्त आपल्या खाद्यावर राजी होणारे. बाकीची सगळी वस्ती अंधारातच राहायची.

गवताळ वाढीचा जंतू तर त्याहून हट्टी. उसाच्या नळीत आणि तुडतुड्याच्या अंगात तो मजेत नांदतो, पण बशीत काही केल्या टिकून वाढत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे नीट वर्णनच होऊ शकले नाही.

यातून वाट निघाली ती जंतू न वाढवता त्याची अक्षरे वाचण्याची. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो आणि त्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत त्या जीवाची सगळी माहिती लिहिलेली असते. या संपूर्ण लिखाणाला जीनोम म्हणतात. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या चमूने एका विषाणूची सुमारे ५,३७५ अक्षरे वाचली तेव्हा जगाला नवल वाटले होते. १९९५ मध्ये पहिल्यांदा एका स्वतंत्र जगणाऱ्या जीवाणूची पूर्ण संहिता वाचून झाली, ती १८ लाख ३० हजार अक्षरांची. तिथून पुढे हे काम इतके वेगाने गेले, की आज अडचण वाचण्याची राहिलेली नाही. वाचलेल्या ढिगाचा अर्थ लावणे हेच मोठे काम झाले आहे. तो ढीग संगणकावर लावण्याच्या शास्त्राला बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणतात. नाव जड आहे, पण काम समजायला सोपे आहे.

असे समजा, की आपल्या कारखान्याच्या वार्षिक अहवालाच्या तीनशे-साडेतीनशे प्रती कोणीतरी फाडल्या. फाडताना प्रत्येक प्रत वेगवेगळ्या जागी फाटली. त्या चिठोऱ्यांत तालुक्यातल्या साऱ्या कचेऱ्यांची रद्दीही मिसळली आणि मग सगळे आपल्यापुढे ओतून सांगितले, "अहवाल जोडून दाखवा." आपण काय करू? एका चिठोऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का ते पाहत जाऊ. 'गाळप' शब्द असलेला चिठोरा बाजूला काढू, 'सातबारा' असलेला रद्दीत टाकू. माणसाला यात जन्म जाईल. संगणक हेच काम करतो.

रद्दीचा ढीग केवढा ते सांगतो. उसाच्या एका जातीचा जीनोम २०२४ साली प्रसिद्ध झाला, तो सुमारे १,००० कोटी अक्षरांचा आहे. त्यात लपलेल्या आपल्या चोराची संहिता आहे जेमतेम पाच लाख अक्षरांची. म्हणजे उसाच्या एका प्रतीमागे याचे लिखाण वीस हजारांत एक हिस्सा. रोगट पानातून काढलेल्या डीएनएमधून हा हिस्सा वेगळा काढणे हीच खरी कसोटी.

पुण्यात झालेले काम

ही कसोटी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राने पार पाडली. डॉ. अमित यादव, डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या उसाच्या जंतूची त्यांनी जुळवलेली संहिता ५,०५,१७३ अक्षरांची आहे. प्रत्येक अक्षर सरासरी ३३० हून अधिक वेळा वाचले गेले. वर ज्या तीनशे-साडेतीनशे प्रती म्हणालो त्या याच. सगळे जोडून झाल्यावर २९ मोठे तुकडे हाती आले आणि जंतूची नव्वद टक्क्यांहून अधिक संहिता त्यात आली असल्याचे ठरले. राहिलेला थोडा भाग जोडला गेलेला नाही, हेही त्यांनी लपवलेले नाही.

त्या संहितेची मौज पाहा. चारपैकी जी आणि सी ही दोन अक्षरे मिळून फक्त १९.८६ टक्के, बाकी सगळे ए आणि टी. उसाच्या आत राहून आपल्याला नत्र पुरवणारा ॲसिटोबॅक्टर हा मित्र जीवाणू आपल्यापैकी पुष्कळांनी बेणेप्रक्रियेत वापरला आहे. तो १९८८ साली ब्राझीलच्या उसात सापडला आणि त्याचा जीनोम तिथल्याच शास्त्रज्ञांनी २००९ साली वाचला. त्याची मुख्य संहिता ३९ लाख अक्षरांची आहे. म्हणजे कष्टकरी जीवाणूचे बाड ३९ लाखांचे आणि या फुकट्याचे पाच लाखांचे. असे का?

याचे उत्तर जपानमध्ये मिळाले होते. २००४ साली तिथे कांद्यावरील अशाच जंतूचा जीनोम प्रथमच पूर्ण वाचला गेला. तेव्हा दिसले, की शरीराला लागणारी शक्ती तयार करणारे जे यंत्र जवळपास प्रत्येक जिवाकडे असते, त्याची जनुकेच या जंतूकडे नाहीत. घरात चूल नाही, जाते नाही, पाण्याचा हंडा नाही. सगळे शेजाऱ्याच्या घरून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पिढ्यान्‌पिढ्या उसवारी आणि तुडतुडेवारी करता करता लागत नाहीत ती पाने त्याने आपल्या पोथीतून फाडून टाकली. काचेच्या बशीत तो का वाढत नाही याचा उलगडाही इथेच होतो. बशीत कोण त्याला रांधून वाढणार?

मग एवढ्या कंगाल जंतूने उसाचे गवत कसे केले? ऊस सोडून इतर वनस्पतींतल्या एका फायटोप्लाझ्माबाबत इंग्लंडमधील जॉन इन्स सेंटरने २०११ साली दाखवून दिले, की हा जंतू एक प्रथिन सोडतो आणि ते झाडाची फुटव्यांवर लगाम ठेवणारी प्रथिने मोडून टाकते. लगाम सुटला की डोळ्यामागून डोळा फुटत जातो. ज्याचे बेट असे सुटले आहे त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

उमेदवार आणि हरळी

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी या जंतूला नाव सुचवले 'कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅरी'. सॅकॅरी म्हणजे उसाचा. आणि कँडिडेटस म्हणजे चक्क उमेदवार! जीवाणूचे नाव कायम करायचे तर त्याचे शुद्ध वाण वाढवून दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत जमा करावे लागते. हा तर वाढतच नाही. म्हणून त्याच्या नावामागे उमेदवार ही उपाधी लागते. संचालक मंडळाच्या निवडणुका पाहिलेल्या आपल्या सभासदांना हे चटकन समजेल: अर्ज वैध ठरला, निशाणी मिळाली, पण गुलाल काही लागला नाही.

नावाचा हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. कारण आहे, आणि ते आपल्या बांधावर आहे. हरळीची पाने पांढरी पडलेली आपण पाहतो. पुष्कळांचा समज असा, की बांधावरची ती पांढरी हरळी म्हणजेच उसातली गवताळ वाढ. वरवर पाहता समज चूक म्हणता येत नव्हता. ओळख पटवण्यासाठी जे एक जनुक सर्रास तपासले जाते, त्यात हरळीचा जंतू आणि उसाचा जंतू ९८ टक्के सारखे निघतात. पण याच चमूने हरळीच्या जंतूचाही जीनोम वाचला. तो ४,८३,९३५ अक्षरांचा निघाला. दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा साम्य उरले ७९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भाऊबंद खरे, पण चुली वेगळ्या. गावच्या भाषेत सांगायचे तर आडनाव एक, सातबारा निराळा. एका जनुकावरून न्याय करणे म्हणजे आडनावावरून थकबाकीदार ठरवण्यासारखे झाले असते.

याचा अर्थ हरळी राहू द्या असा कृपा करून घेऊ नका. हरळी पाणी खाते, खत खाते, ती काढलीच पाहिजे. एवढेच, की बांध साफ केला म्हणजे गवताळ वाढ गेली, अशी समजूत करून घेऊ नये.

कारण हा रोग मुख्यतः येतो बेण्यातून. ज्वारीचे बी दाण्यातून निपजते, ऊस आपण कांडीनेच लावतो. आईच्या नळीत जे आहे ते प्रत्येक डोळ्यात उतरते. शेतातल्या शेतात पसरवायला तुडतुडे आहेतच. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने २००६ साली एका जातीच्या तुडतुड्याच्या शरीरातच या जंतूची अक्षरे ओळखून दाखवली. तीही पीसीआर चाचणीने, जंतू न वाढवता. या चाचणीत जंतूच्या संहितेतला एक ठरावीक तुकडा शोधतात आणि त्याच्या लक्षावधी नकला काढतात. तुकडा असेल तर नकला दिसतात, नसेल तर नाही.

आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. लागणीच्या उसात हा रोग पुष्कळदा अंगात असतो, पण वर दिसत नाही. ऊस हिरवागार, जोमदार, बेणे म्हणून कोणीही पसंत करावा असा. त्याच उसाचा खोडवा धरला की गवत. पाहणीत चुकले असे नाही. डोळ्याला जे दिसतच नाही ते कोण पाहणार? चाचणीला मात्र ते दिसते. संपूर्ण संहिता हाती आल्यामुळे फक्त याच जंतूत असलेला तुकडा निवडून, हरळीच्या भाऊबंदाला न फसणारी चाचणी बांधणे शक्य होते. दर सभासदाने दर कांडी तपासावी असे कोणी म्हणणार नाही, ते परवडणारेही नाही. पण ज्या मूलभूत बेण्यातून पुढे पायाभूत आणि त्यातून प्रमाणित बेणे होऊन शेकडो एकरांवर जाते, त्या थोड्या रोपांची तपासणी करणे अशक्य नाही. माझ्या मते पैसा खर्च करायचाच तर तो तिथे करावा.

आपल्या भागाला हे अधिक लागू आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कोणी विसरलेले नाही. अशा सालांत उभा ऊस जनावरांना जातो, बेण्याचे मळेही जातात. मग पुढच्या पावसाळ्यात तेरणा-मांजरेला पाणी आले, की ज्याला जिथून मिळेल तिथून बेणे उचलण्याची घाई होते. कोणी सोलापूरकडून आणतो, कोणी औरादच्या पलीकडून कर्नाटकातून. ट्रक रात्री येतो, सकाळी लागण सुरू. ते बेणे लागणीचे की खोडव्याचे, किती महिन्यांचे, याची चौकशी कोण करतो? पाणी नव्हते तेव्हा ऊस गेला, पाणी आले तेव्हा रोग आला, अशी गत होते.

उष्णतेचा उपाय जुना आहे आणि आजही चांगला आहे. बाष्पयुक्त उष्ण हवेच्या संयंत्रात ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बेणे ठेवले, की कांडीतील जंतू बऱ्याच अंशी मरतो आणि डोळा जगतो. हे तापमान घरी हंड्यात साधणार नाही. दोन अंश जास्त झाले तर डोळा शिजतो, कमी झाले तर जंतू जगतो. म्हणून ही प्रक्रिया मूलभूत बेण्यालाच आणि संयंत्रातच करतात. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राचे किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे बेणे व ऊतिसंवर्धित रोपे घेण्याचा आम्ही जो आग्रह धरतो तो यासाठी.

एक खुलासा इथेच करतो, कारण यावरून दर साल गोंधळ होतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता पडली की ऊस पिवळा-पांढरा पडतो. त्याला आपण केवडा म्हणतो. केवड्यात आधी कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, फुटव्यांची संख्या वाढत नाही, आणि फेरस सल्फेटच्या फवारणीने आठ-पंधरा दिवसांत रंग फिरतो. सहसा पट्टाच्या पट्टा पिवळा दिसतो. गवताळ वाढीत मधूनच एखादे बेट बिघडते, शेजारचे हिरवेगार असते, आणि कितीही फेरस मारा, फरक पडत नाही. रंग फिरला नाही आणि काड्या गवतासारख्या झाल्या, तर फवारणी थांबवा, कुदळ घ्या. बेट मुळासकट काढून शेताबाहेर नेऊन नष्ट करा. एखाद-दुसरे बेट आहे तोवर काढण्याचा अर्थ आहे. खोडव्यात ठिकठिकाणी बेटे दिसू लागली तर तो खोडवा ठेवू नये आणि निडव्याचे तर नावच काढू नये. खोडव्याचे बेणे वापरूच नये. लागणीचे, नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी मळ्यातले घ्यावे, आणि तेही तीन-चार वर्षांनी बदलावे.

आप्पांच्या प्रश्नाचे उत्तर अजूनही "फवारायचे औषध नाही" हेच आहे. पाच लाख अक्षरे वाचली म्हणून उद्या बाटली निघेल असे मी सांगणार नाही. जंतूची लांबी-रुंदी कळली, तो काय करू शकत नाही हे बरेचसे कळले. तो तुडतुड्यातून उसात आणि उसातून तुडतुड्यात कसा सांभाळून जातो, हा उलगडा संहितेवरून करण्याचे काम पुढे चालायचे आहे.

येत्या सुरू हंगामासाठी ज्या सभासदांना आपला प्लॉट बेणे मळा म्हणून द्यावयाचा आहे, त्यांनी जात, लागणीची तारीख आणि बेणे कोठून आणले याची पावती घेऊन गट कार्यालयात नोंद करावी. शेतकी मदतनीस दोन वेळा पाहणी करतील, एकदा फुटव्याच्या वेळी व एकदा बेणे तोडण्यापूर्वी. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत तालुक्याबाहेरून बेणे आणले त्यांनी प्लॉट द्यायचा नसला तरी आपल्या चिटबॉयला कळवावे. त्या शेतांचा खोडवा आम्हाला आधी पाहायचा आहे.